पंधरा दिवसांची बेगमी: कमी खर्चात, रोजच्या स्वयंपाकातूनच

पावसाळा जवळ आला की काही प्रश्न हमखास विचारले जातात. घरात किती दिवसांचे धान्य असावे? गहू भरावा की पीठ? तयार ‘इमर्जन्सी किट’ घ्यावे का? आणि महिनाअखेरीस हातात काही उरतच नसेल, तर साठा करायचा कशातून?

प्रश्नांमागची काळजी खरी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ जवळपास आठवडाभर बंद होता. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा घरांबरोबर दुकानांतलाही माल भिजला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत किराण्याची दुकाने उघडी राहिली, पण हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी थांबली.

अशा वेळी धान्य असूनही अडते. गव्हाचे पोते भरलेले असते, पण वीज नसल्याने गिरणी बंद असते. डाळ असते, पण सिलिंडर संपलेला असतो. म्हणून साठा पोत्यांत मोजू नका, ताटांत मोजा. चार माणसे, दोन वेळा, पंधरा दिवस म्हणजे १२० ताटे. बाजार, गिरणी आणि वीज यांच्याशिवाय ही १२० ताटे वाढता येतील का, एवढाच हिशेब आपल्याला करायचा आहे.

पहिले पाऊल: तुमच्याकडे काय बंद पडते ते ओळखा

सगळ्यांना एकच यादी लागू पडत नाही. मागच्या दहा वर्षांत तुमच्या घरी नेमके काय अडले होते, ते आठवा.

- रस्ता बंद पडतो: नदीकाठची गावे, घाटाखालची गावे, कोकणातल्या वाड्या. इथे दूध आणि भाजी आधी संपते. पंधरा दिवसांचा कोरडा शिधा हवा.
- वीज किंवा गॅस बंद पडतो: वादळाचा पट्टा, शहरातल्या उंच इमारती. इथे पाणी, इंधन आणि न शिजवता खाता येणारे पदार्थ महत्त्वाचे.
- पगार बंद पडतो: कंत्राटी नोकरी, रोजंदारी, घरातल्या एकट्या कमावत्या माणसाचे आजारपण. ही आपत्ती बातम्यांत येत नाही, पण घरोघरी येते. इथे दुकान उघडे असते, म्हणून भाजीदुधाची सोय होते. महिनाभराचे धान्य, डाळ आणि तेल घरात असले की हातातले पैसे औषध, भाडे आणि शाळेसाठी मोकळे राहतात.

आधी तीन दिवसांची सोय करा, मग पंधरा दिवसांची. महिनाभराचा साठा त्यानंतर, जागा आणि ऐपत पाहून.

चार मोठ्या माणसांना पंधरा दिवस किती लागते?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ, ३० मिलि तेल, ४० ग्रॅम गूळ किंवा साखर आणि मूठभर शेंगदाणे धरले, तर पोट भरते आणि ताकदही टिकते. मदतकार्यात माणशी २१०० कॅलरी हे माप धरले जाते. या प्रमाणात तेवढ्या सहज मिळतात. चौघांचा हिशेब असा होतो:

- तांदूळ १२ किलो
- गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ ५ किलो
- आख्खा गहू, ज्वारी किंवा नाचणी ४ किलो
- पोहे २ किलो, रवा १ किलो
- डाळी ५ किलो: मूग २, मसूर दीड, तूर दीड
- शेंगदाणे २ किलो
- तेल २ लिटर
- गूळ आणि साखर मिळून अडीच किलो
- मीठ १ किलो, तिखट, हळद, मोहरी, जिरे, चहा
- दूध पावडर १ किलो, आमसूल किंवा चिंच, मेतकूट, लोणचे

घरात लहान मुले असतील तर धान्य थोडे कमी लागेल. शेतात किंवा बांधकामावर राबणारे कोणी असेल तर जास्त धरा. यादी डोळे झाकून उतरवू नका. भातावर राहणाऱ्या घरात पीठ कमी करा; भाकरीशिवाय ज्यांचे जेवण होत नाही त्यांनी तांदूळ कमी करा. संकटात नवी चव अंगाला लागत नाही, मुलांना तर नाहीच.

गहू, पीठ की तांदूळ?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, म्हणून थोडे सविस्तर.

- तांदूळ हा आपत्कालीन साठ्याचा कणा. गिरणी लागत नाही, लवकर शिजतो, पांढरा तांदूळ कोरडा राहिला तर वर्षानुवर्षे टिकतो. हातसडीचा तांदूळ पौष्टिक असला तरी त्यातल्या तेलामुळे काही महिन्यांत खवट होतो. तो रोजच्या वापरापुरताच ठेवा.
- आख्खा गहू आणि ज्वारी वर्षभर राहतात, पण गिरणी चालू असेल तरच कामाच्या. घरी जाते असेल तर प्रश्न नाही. नसेल तर गव्हाच्या घुगऱ्या करता येतात, हे लक्षात असू द्या.
- नाचणी सगळ्यांत चिवट. बारीक दाण्याला कीड सहसा लागत नाही. डोंगराळ भागात ती पिढ्यान्‌पिढ्या अडीअडचणीला साठवली गेली आहे.
- पीठ पंधरा दिवस पुरेल इतकेच ठेवा आणि वापरत राहा. गव्हाचे पीठ महिना-दीड महिना चांगले राहते. बाजरीचे पीठ आठवडाभरात कडवट होऊ लागते, ते साठ्यात धरू नका. भाजणी मात्र भाजलेली असल्याने जास्त टिकते.
- कडधान्यांपेक्षा डाळी बऱ्या. जुना राजमा किंवा हरभरा शिजायला फार वेळ घेतो आणि गॅस खातो. मूगडाळ आणि मसूरडाळ भिजवल्या तर थोड्या वेळात शिजतात.

हातात पैसे नसतील तर: बारा आठवड्यांचा क्रम

एकदम हजारो रुपये काढून साठा करू नका. नेहमीच्या किराण्यात दर आठवड्याला एक-दोन वस्तू जादा घ्या. तुमच्या दुकानातले भाव पाहून आठवड्याचा आकडा ठरवा. शंभर-दीडशे रुपयांतही सुरुवात होते.

- पहिले तीन आठवडे: मीठ, गूळ, पोहे, शेंगदाणे, फुटाणे. शिजवायला न लागणारे तीन दिवसांचे खाणे इथेच उभे राहते.
- चौथा ते सातवा: तांदूळ, दर आठवड्याला ३ किलो.
- आठवा ते दहावा: डाळी आणि तेल.
- अकरावा आणि बारावा: पीठ, आख्खे धान्य, रवा, दूध पावडर, मसाले.

रेशनचे धान्य मिळत असेल तर दरमहा त्यातले २-३ किलो बाजूला काढा. त्यापुढे जुने खायला काढा आणि नवे साठ्यात भरा.

हंगाम सांभाळला तर खर्च आणखी उतरतो. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, नवी तूर जानेवारीपासून, गुऱ्हाळे हिवाळ्यात चालतात. चार घरांनी मिळून पोते घेतले तर किलोमागे फरक पडतो. बचत गटांना हे सहज जमते. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, कुरडया, पापड, वाळवलेली गवार, कोकणात सुकट आणि सुके बोंबील हीसुद्धा बेगमीच आहे. पावसाळ्याआधी ‘आगोटची खरेदी’ म्हणून आपल्या आज्या जे करत, त्याचा अर्थ हाच होता.

तयार ‘इमर्जन्सी किट’मधली हवाबंद जेवणे महाग पडतात. त्यांच्या एका पाकिटाच्या पैशांत घरच्या डाळ-तांदळाची अनेक ताटे होतात. प्रवास किंवा स्थलांतरासाठी दोन-चार पाकिटे ठेवली तर हरकत नाही. पूर्ण साठा त्यांच्यावर उभारू नका.

टिकवायचे कसे?

कीड बाहेरून येतेच, पण बऱ्याचदा तिची अंडी दाण्याबरोबरच घरात येतात. ओलावा मिळाला की सोंडे, टोके आणि जाळी दिसू लागते. म्हणून:

१. गहू, ज्वारी आणि डाळी चाळून, निवडून तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे.
२. वाळवलेले धान्य पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम धान्य डब्यात भरले तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. या एका घाईने बरेच धान्य वाया जाते.
३. तांदूळ उन्हात घालू नका, तो तडकतो आणि शिजताना त्याच्या कण्या होतात. सावलीत पसरून भरा.
४. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल चोळा. तळहाताला लावून चोळले की पुरे. दाणा चकाकला पाहिजे, चिकट होता कामा नये. तांदळात आणि इतर धान्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. पाला ओलसर असेल तर उलट नुकसान होते.
५. रवा कोरडा भाजून ठेवा. फ्रीज असेल तर रवा आणि बेसन तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, अंडी मरतात.
६. डब्यावर भरल्याची तारीख लिहा. नवे मागे, जुने पुढे.

महागडे डबे लागत नाहीत. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा धुऊन, वाळवून, झाकण घट्ट बसवून वापरा. थंड पेयाच्या दोन लिटरच्या स्वच्छ कोरड्या बाटल्यांत तांदूळ आणि डाळी छान राहतात. त्यात ओल शिरत नाही, आणि एका बाटलीत कीड लागली तरी बाकीचे वाचते. मात्र उंदरांचा त्रास असेल तर पत्राच बरा.

या गोळ्यांपासून सावध राहा

धान्याला कीड लागू नये म्हणून घरात वापरली जाणारी काही रसायने जिवावर बेतू शकतात.

- ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवू नका. त्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन हा अतिविषारी वायू सुटतो. धान्याच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. या गोळ्या गोदामांसाठी आहेत आणि त्या प्रशिक्षित माणसानेच वापरायच्या असतात. ‘एक गोळी फडक्यात बांधून ठेवा’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका.
- पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात नको.
- बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा धान्य धुऊन, वाळवून वापरू नका. त्यातले अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही.

पाणी आणि इंधन: ताट इथेच अडते

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज किमान ३-४ लिटर पाणी धरा. चौघांचे तीन दिवसांचे पाणी साधारण ४८ लिटर होते. इशारा मिळताच कळशा, हंडे, पिंप भरून झाका. त्यापुढचे पाणी शुद्ध करावे लागेल:

- तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवून, गाळून मग खळखळून उकळा.
- इंधन कमी असेल तर क्लोरीनचे थेंब (मेडिक्लोरसारखे) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा.
- वीज गेली की आरओ यंत्र उपयोगाचे नाही.
- जुलाब सुरू झाले आणि ओआरएस नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने टाकू नका.

इंधनासाठी दुसरा सिलिंडर परवडत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर पाहा. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवा, कुकर वापरा, भात आणि वरण एकाच वेळी लावा. पुराचा इशारा आला की रेग्युलेटर बंद करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो.

पहिले तीन दिवस चूल पेटलीच नाही तर काय, याचेही उत्तर डब्यात हवे: भिजवलेले पोहे आणि गूळ, फुटाणे, चुरमुरे, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सातूचे पीठ. सोलापूरकडची कडक भाकरी महिनाभर सहज राहते.

घरातली माणसे पाहून जादा काय?

- सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचे दूधच; म्हणून आईच्या वाट्याचे अन्न आणि पाणी वाढवा. बाळ पावडरच्या दुधावर असेल तर तेच दूध आणि उकळलेले पाणी वेगळे राखा.
- मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची किमान पंधरा दिवसांची औषधे आणि चिठ्ठीची प्रत शिध्याजवळच ठेवा.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ, मीठ, लोणचे यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.
- पाळीव जनावर असेल तर त्याचा चारा किंवा खाणेही यादीत धरा.

कुठे ठेवाल?

जमिनीवर आणि भिंतीला लागून ठेवू नका; खाली फळी, मागे चार बोटे जागा. पुराच्या पट्ट्यात मागच्या पुराची रेघ पाहा आणि तिच्या वर, माळ्यावर ठेवा. सगळा शिधा एकाच ठिकाणी नको. तीन दिवसांचे खाणे, औषधे, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. घर सोडावे लागले तर पोते उचलता येत नाही, पिशवी येते.

पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, भाजी वाळवून खाऊ नका. त्या पाण्यात सांडपाणी, रॉकेल, मेलेली जनावरे असे काहीही असते. पण फेकण्यापूर्वी फोटो काढा आणि पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना दाखवा.

तुमचे हक्क

- राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून ही मुदत आणखी पाच वर्षे वाढवलेली आहे.
- केशरी कार्ड आहे म्हणजे हक्क आहेच असे नाही. तुमचे कुटुंब ‘प्राधान्य कुटुंब’ यादीत आहे का, आणि सगळ्यांचे आधार जोडलेले आहेत का, हे आत्ताच तपासा. पूर आल्यावर ही कामे होत नाहीत.
- ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असलात तरी तिथल्या दुकानातून धान्य घेता येते. घरच्यांनी गावी उरलेला वाटा उचलला तरी चालते.
- पावती मागा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. धान्यासोबत साबण, चहा घेण्याची सक्ती दुकानदाराला करता येत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.
- हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी तक्रार लेखी करा आणि पोच घ्या.
- किराणा दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी दिले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- आपत्तीत जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२.

घरासाठी धान्य भरणे ही साठेबाजी ठरते का, असेही विचारले जाते. साठ्यावरच्या सरकारी मर्यादा व्यापारी, दुकानदार आणि प्रक्रिया करणाऱ्यांसाठी असतात; घरच्या खाण्यापुरते धान्य त्यात येत नाही. मात्र काळ्या बाजारातले रेशनचे धान्य स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तो गुन्हा आहे. आणि इशारा आल्यावर दुकानावर तुटून पडण्यापेक्षा शांत दिवसांत भरलेले बरे. त्याने भाव चढत नाहीत आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्या गरजू माणसालाही काही मिळते.

शेवटचे पाऊल: चाचणीचा रविवार

साठा तयार झाला की मे महिन्यातला एखादा रविवार निवडा. सकाळपासून नळ, फ्रीज, मिक्सर, गिरणी आणि दुकान वर्ज्य. साठवलेले पाणी, साठवलेले धान्य आणि छोटा सिलिंडर एवढ्यावरच दोन वेळचे जेवण करा. बहुतेक घरांत काही ना काही अडते: काडेपेटी सापडत नाही, मिक्सरशिवाय वाटण होत नाही, पाणी दुपारीच संपते, मुले नुसत्या वरणभाताला तोंड वाकडे करतात. जे अडले ते लिहून काढा. सोमवारच्या किराण्याच्या यादीत पहिल्या ओळी त्याच असू द्या.